टॉमस पॉवरची तिथी

इथे सप्टेंबर आला की कुंपणांवर काळ्या बेरी पिकतात आणि मला तीळ आठवतात. काळे तीळ, बाबांच्या ओल्या तळहाताला चिकटलेले. बेरी तोडताना बोटं जांभळी होतात, काट्यांनी मनगटं खरचटतात, आणि रस्त्यात जो भेटेल तो म्हणतो, "ग्रँड ड्राय डे, थँक गॉड." मीही तेच म्हणते. आयर्लंडात, वॉटरफोर्डला येऊन अकरा वर्षं झाली, आता ते आपोआप तोंडातून निघतं. पण चार वर्षांपूर्वीच्या त्या एका सप्टेंबरपासून हा महिना माझ्यासाठी नासला तो नासलाच. सवयीने बेरी आणते, जॅम करते, बरण्या भरते. मग लक्षात येतं की जिच्या दारात पहिली बरणी जायची, ते दार आता दुसऱ्याच कुणाचं आहे.

ते दार नोराचं होतं. नोरा पॉवर. तेव्हा वय त्र्याऐंशी, लग्न केलं नाही, भावंडं कधीच गेलेली, चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेली. या जिल्ह्यात पॉवर आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं. दगड फेकावा तर एखाद्या पॉवरच्या अंगणात पडावा. त्यामुळे ती स्वतःला "पोस्टातली नोरा" म्हणायची. मी नवी नवी इथे आले तेव्हा तिने मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, कुणी "चहा घेणार का" विचारलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आमच्या अकोल्यातही हेच चालतं. दुसरी, सप्टेंबर संपला की बेरींना हात लावायचा नाही, पूका नावाचं भूत त्यांवर थुंकून जातं.

बाबा त्या वर्षी ऑगस्टमध्ये आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अकोल्याच्या घरात ते एका खुर्चीपुरते उरले होते. वाटलं, इथे जरा हवापालट होईल. कसला हवापालट! सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते खिडकीशी बसत. नवरा लिमरिकच्या इस्पितळात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येणारा, मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे, लेक रेवा शाळेत. आजोबांनी मराठीत काही विचारलं की ती लाघवी हसून "आय'म ग्रँड, आजोबा" म्हणायची आणि संभाषण तिथेच संपायचं. आठवड्याने बाबा म्हणाले, "इथं माणसं कुठं आहेत वं? नुसत्या गाड्या जाऊन राहिल्या."

मग एका दुपारी कुंपणावरून नोराने त्यांना विचारलं, तुम्ही काय काम करत होता? बाबांचं इंग्रजी कचेरीतलं. प्रत्येक वाक्याला 'सर' किंवा 'मॅडम' लागायचं. ते म्हणाले, "मॅडम, लँड रेकॉर्ड्स. थर्टी-सिक्स इयर्स." भूमी अभिलेख खातं. कुणाची जमीन, कुणाचा बाप, कुणाचे वारस, याची फेरफार नोंद करणं हे त्यांचं आयुष्य. नोराने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "मग तुम्ही आत या."

आत तिने पोस्टाची एक जुनी कॅनव्हासची थैली काढली. थैलीत होता टॉमस पॉवर, तिच्या खापरपणजोबांपैकी एक. मेंढी चोरली म्हणून त्याला सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काळं पाणी हा शब्द बाबांचा. आपल्यासाठी ते अंदमान, यांच्यासाठी ऑस्ट्रेलिया. मागे बायको ब्रिजिट आणि एक तान्हं मूल. सात वर्षं संपली, चौदा झाली, टॉमसचं ना पत्र आलं ना निरोप. ब्रिजिटने दुसरं लग्न केलं नाही. जाईपर्यंत ती पोस्टाच्या गाडीच्या दिवशी रस्त्यावर जाऊन उभी राहायची, असं घरात सांगत आले होते. नोराच्या आजोबांनी पुढे घराण्याच्या थडग्यावर दगड बसवला, त्यावर ब्रिजिटचं नाव कोरलं, त्याखाली 'आणि तिचा पती टॉमस, मृत्यू' एवढं कोरून घेतलं. पाथरवटाने विचारलं, तारीख? आजोबा म्हणाले, जागा सोड.

ती जागा मी पाहिली आहे. तीन बोटं रुंद, वीतभर लांब, तिच्यावर शेवाळ धरलेलं.

"आता त्या दगडाखाली जाणारी शेवटची मीच," नोरा म्हणाली. "माझ्यामागे कुणी नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांची ऑस्ट्रेलियाची पत्रं वाटली, बाबा." 'बाबा' हे त्यांचं नाव आहे असंच तिला वाटायचं, आणि आम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही. "मला तारीख हवी आहे, पण खरं म्हणजे एवढंच कळायला हवं. युअर मॅन विसरला, की त्याला जमलं नाही?"

इथे तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात, आपण 'तो गडी' म्हणावं तसं. पण बाबांनी ते अक्षरशः घेतलं. तो आपला माणूस आहे म्हणून ते कामाला लागले.

त्या ऑगस्टचे वास मला अजून येतात. नोराच्या स्वयंपाकघरातला जळक्या टोस्टचा, ओल्या लोकरीचा, आणि बाबांनी अकोल्याहून आणलेल्या चिवड्यातल्या तळलेल्या लसणाचा. टेबलावर माझा जुना लॅपटॉप, शेजारी बाबांचं भिंग. जुन्या चर्चच्या नोंदवह्यांची चित्रं पडद्यावर मोठी करून ते वाचत. किचकट अक्षर, फिकट शाई, हे तर त्यांच्या पाचवीला पुजलेलं होतं. नोरा म्हणायची, "साखर प्रेसमध्ये आहे," आणि बाबा इस्त्री शोधत उठायचे. प्रेस म्हणजे इथे कपाट हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. शंभर वर्षांपूर्वी डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागली आणि देशाचे कागद जळाले हे तिने सांगितलं, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "माणसं मेली तं पुन्हा जन्माले येतात, मॅडम. कागदांचा बस्ता जळला का संपलं." मी भाषांतर केलं. नोरा म्हणाली, "अगदी खरं."

दप्तरातला एक कागद मात्र जळला नव्हता. ब्रिजिटने सरकारला केलेला अर्ज. नवऱ्याला सोडा, पहिलाच गुन्हा, लेकरू अंगावर पितं आहे, वगैरे. कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली तिची सही म्हणून फुलीची खूण. बाबा त्या फुलीवर भिंग धरून किती तरी वेळ बसले. हजारो बायांचे अंगठे त्यांनी घेतले होते. शाई जास्त लागली की अंगठा पसरतो, म्हणून ते स्वतः पोर धरावं तसं त्यांचं बोट धरायचे. "हात थरथरला आहे तिचा," ते म्हणाले. फुलीची एक रेघ खरंच वाकडी होती. अर्जावर वरच्या कोपऱ्यात दोन शब्दांत निकाल होता, कायदा आपल्या मार्गाने जाईल, अशा अर्थाचा.

पुढे मात्र वाट बंद. टॉमस पॉवर नावाचे कैदी कितीतरी. बाबांनी मग त्यांची पद्धत लावली. कचेरीत माणूस ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती, लहानपणापासून मी ती ऐकत आले: नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. चार जुळले की माणूस तोच. चर्चच्या वहीतून त्यांनी टॉमसचा बाप काढला, पॅट्रिक. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या एका बाईने इंटरनेटवर लावलेल्या वंशावळीत त्यांना तो सापडला. टॉमस पॅट्रिक पॉवर, मूळ राहणार वॉटरफोर्ड. बाबा खुर्चीतून उठलेच. "पाह्य! टॉमस, पॅट्रिक, पॉवर, वॉटरफोर्ड. चारही जुळले. आणखी काय पाहिजे तुले?"

आता मी काय काम करते ते सांगितलं पाहिजे. एका कंपनीत मी नोंदी जुळवते. दोन ठिकाणी असलेल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हे ठरवणारे नियम लिहिते. जन्मतारीख जुळल्याशिवाय दोन नोंदी एक करायच्या नाहीत हा आमच्याकडचा पहिला नियम. पडद्यावरच्या टॉमस पॅट्रिकचं वय ब्रिजिटच्या अर्जातल्या नवऱ्याच्या वयाशी ताडता सहा वर्षांनी चुकत होतं. शिवाय मला हेही पक्कं माहीत होतं की या देशात मधलं नाव बापाचं नसतं. आईबाप ठेवतील ते असतं, बहुतेक एखाद्या संताचं. रेवाच्या शाळेत फॉर्म भरताना तिचं मधलं नाव 'संजय' का, हे मी तिथल्या बाईंना दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं. मराठी माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

आणि मी बोलले नाही.

बोलले नाही असं नाही, वयाचं पुटपुटले. बाबा म्हणाले, "त्या काळात वय कोण मोजत होतं? तुह्या आजीले तरी माहीत होतं का तिचं?" नोरानेही त्यांचीच बाजू घेतली. इथेही जुन्या काळी गावात एकाच नावाचे दहा जण असायचे, म्हणून बापाचं नाव लावूनच हाक मारत. त्या रितीने हा टॉम पॅट, म्हणजे पॅटचा टॉम. दोन्हीकडच्या रिती अशा बेमालूम एकमेकींत बसल्या की माझं इंग्रजी शिक्षण मलाच आगाऊपणा वाटायला लागलं. पण हे सगळं वकिली झालं. खरं कारण एवढंच की तीन वर्षांत पहिल्यांदा बाबा उभं राहून बोलत होते. त्यांचा आवाज पूर्वीचा, कचेरीतला झाला होता. तो आवाज मला मोडायचा नव्हता. बापाच्या आनंदाची किंमत मी तिसऱ्याच माणसाकडून वसूल केली, आणि तो माणूस मेलेला होता म्हणून मला ती फुकट वाटली.

त्या वंशावळीत काय होतं? टॉमस पॅट्रिक पॉवरने तिकडे मेरी ॲन नावाच्या बाईशी लग्न केलं. एक दारूचा गुत्ता. नऊ मुलं. म्हातारपणी, घरच्या पलंगावर, ऑगस्टमधल्या एका तारखेला मृत्यू. गुत्त्यापुढे उभा असलेला पोटवाला माणूस, असा एक फोटोही होता.

नोराने फोटो पाहिला. "नऊ," ती म्हणाली. मग उठून तिने धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे विसरला." बाबांना तिच्या स्वरावरून कळलं. तिला उत्तर मिळालं होतं. तिने ते मागितलं होतं, आम्ही ते दिलं होतं.

दगडावर तारीख कोरायची हे मात्र तिने ठरवून टाकलं. "दगड ब्रिजिटचा आहे. तिची ओळ अर्धी राहायला नको." पाथरवट ओळखीचा निघाला, पंधरा दिवसांत काम झालं. नवी अक्षरं पांढरी शुभ्र, जुन्या करड्या अक्षरांच्या शेजारी खोटे दात बसवल्यासारखी दिसत होती. ऑस्ट्रेलियातल्या त्या बाईला आम्ही फोटो पाठवला. तिला आपला पणजोबा आयर्लंडात नेमका कुठला हे माहीतच नव्हतं; आनंदाने तिने ढीगभर उद्गारचिन्हं पाठवली आणि ब्रिजिटचं सगळं घराणं आपल्या वंशावळीला जोडून घेतलं.

पितृपक्ष लागला होता. दर वर्षी बाबा सर्वपित्री अमावास्येला आधी घरच्यांना पाणी देतात, आणि मग 'राहिलेल्यांना'. ज्यांची तिथी माहीत नाही, जे कुठे गेले कळलं नाही, ज्यांच्यामागे कुणी नाही, त्या सगळ्यांची ती अमावास्या. टॉमसचं तिथेच करू असं त्यांनी आधी ठरवलं होतं. पण आता तर तारीख मिळाली. त्यांनी मला इंटरनेटवरून त्या दिवसाची तिथी काढायला लावली. वद्य तृतीया निघाली. बाबा खूश. "आता याचं नाव अमावास्येतून कमी. ज्याची तिथी लागली तो राहिलेला नाही." एखादी जुनी प्रलंबित नोंद निकालात काढावी तसे ते म्हणाले.

तृतीयेला आम्ही ट्रामोरच्या वाळूवर गेलो. सकाळची वेळ, ओहोटी, समुद्र खूप आत गेलेला, वारा कानात बोचत होता. दर्भ मिळाला नाही म्हणून बाबांनी वाळूच्या टेकड्यांवरचं कडक गवत तोडून घेतलं. तीळ शहरातल्या एशियन दुकानातले. गोत्र? बाबांनी क्षणभर विचार केला. ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप. असा मेंढीचोर टॉमस पॉवर काश्यपगोत्री झाला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून, थंडीने ओठ निळे पडलेले बाबा पाण्यात उभे राहिले. नोरा किनाऱ्यावर, हातांची घडी घालून, रागाने ताठ. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, म्हणावं युअर मॅनला कळवा, ब्रिजिट थांबली होती. शेवटपर्यंत."

मी बाबांना सांगितलं. त्यांनी मंत्र थांबवला आणि ओंजळीतल्या पाण्याकडे पाहत वऱ्हाडीत म्हणाले, "ऐक रे बाप्पा. तुही बायको मरेपर्यंत थांबली होती. तू तिकडे नऊ लेकरं करून राहिला. पण आता झालं ते झालं. हे पाणी घे."

मला तेव्हा रडू आलं होतं. किती सुंदर, वाटलं होतं. त्या रडण्याची आज मला शरम वाटते.

ऑक्टोबरअखेर बाबा परत गेले. नोव्हेंबर हा इथे मृतांचा महिना. घरातल्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून पाकिटात घालायची आणि ते पाकीट चर्चच्या वेदीवर ठेवायचं. महिनाभर पाद्री त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणतो. नोराने यादी माझ्याच टेबलावर बसून लिहिली. आई, वडील, दोन भाऊ, आजोबा, ब्रिजिट. मी विचारलं, टॉमस? ती म्हणाली, "त्याच्यासाठी प्रार्थना करायला त्याची नऊ आहेत." आणि पाकीट जिभेने चिकटवून टाकलं. दीडशेहून जास्त वर्षं त्या घराने ते नाव या यादीतून गाळलं नव्हतं.

नाताळात नोराला पक्षाघाताचा झटका आला. इस्पितळातून ती नर्सिंग होममध्ये गेली, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषाघरात. डावा हात गेला, आणि आठवणींची काहीतरी गल्लत झाली. जुनं राहिलं, नवं टिकेना.

फेब्रुवारीत एका रविवारी मी अशीच चाळा म्हणून शोधत बसले होते. कैद्यांच्या जहाजांचे काही कागद नव्याने इंटरनेटवर आले होते. एका यादीत होतं: टॉमस पॉवर, वॉटरफोर्ड, मेंढीचोरी, सात वर्षं, विवाहित, एक मूल. ब्रिजिटच्या अर्जातलं वय. तेच न्यायालय, तोच हंगाम. वयापासून सगळं जुळत होतं. माझ्या ऑफिसच्या नियमानेसुद्धा ही नोंद विनातक्रार एक झाली असती. आणि पुढे समासात दोन शब्द: वाटेत मृत. तारीख नाही, ठिकाण नाही. कॉर्कच्या बंदरातून निघाला आणि पोचलाच नाही. ज्याला जहाजावरून पाण्यात सोडलं त्याला दगड कुठला! ब्रिजिट पहिल्यांदा रस्त्यावर जाऊन उभी राहिली असेल, तेव्हाच तो या जगात नव्हता. विसरायला त्याला वेळ तरी कुठे मिळाला?

दुसऱ्या दिवशी मी नर्सिंग होममध्ये गेले. मनात म्हणत होते, उशीर झाला असला तरी तिला कळेल. विसरला नाही, जमलं नाही, हेच तर तिला हवं होतं. खोलीत खूप उकाडा होता, खिडकीत कुणीतरी आणलेली पिवळी फुलं. मी तिचा उजवा हात धरून सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. तिला कळलं. नीट कळलं, डोळ्यांत दिसलं. "वाटेत?" ती म्हणाली. "अरेरे, बिचारं पोर." तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, चेहरा सैल झाला, इतका की मी तिला कधी इतकी तरुण पाहिली नव्हती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

नर्स चहा घेऊन आली. नोराने दोन घोट घेतले, फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला माहीत आहे का, आमच्या त्या टॉमसला तिकडे नऊ मुलं झाली? हरामखोर."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ती रडली, पुन्हा बिचारं पोर म्हणाली, पुन्हा पाच मिनिटांनी, "नऊ, कल्पना कर." त्या दुपारी मी तीनदा सांगितलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा जायची. कधी सांगायची, कधी नाही. झटक्याच्या आधीचं सगळं पक्कं राहिलं होतं, आणि त्यात आम्ही दिलेलं खोटं होतं. खरं मात्र पाच मिनिटांवर टिकत नव्हतं. शेवटी मी सांगणं बंद केलं, कारण तिला पुन्हा पुन्हा नव्याने रडवणं हेही मी माझ्याच समाधानासाठी करत होते. एप्रिलमध्ये नोरा गेली. शेवटच्या आठवड्यातही ती त्याच्यावर चिडलेली होती.

दगडावर आता, तिनेच आधी सांगून ठेवल्याप्रमाणे, तिचं नाव आहे, त्या तारखेच्या खाली. मी पाथरवटाला विचारलं, एक ओळ काढता येईल का? तो भला माणूस. म्हणाला, घासून काढता येते, ते कठीण नाही. "पण घरच्यांची सही लागते. तुम्ही घरच्या का?" मी नाही म्हटलं. घरचं कोण आहे विचारलं, तर कुणी नाही म्हटलं. त्याने खांदे उडवले. मला बाबांच्या कचेरीतलं वाक्य आठवलं, जे ते दर माणसाला ऐकवायचे: चुकीची नोंद दुरुस्त होते, पण वारसाचा अर्ज लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या बाईला मी लांबलचक पत्र लिहिलं, कागद जोडले. उत्तर आलं नाही. मी तिला दोष देत नाही. कुणाला आपला पणजोबा परत करावासा वाटेल? तिची वंशावळ मात्र इतरांनी उतरवून घेतली आहे. आता टॉमस पॉवर शोधला की कितीतरी पानांवर तो गुत्त्यापुढे पोट सोडून उभा असतो. खरा टॉमस समासातल्या दोन शब्दांत आहे, आणि ते पान माझ्याशिवाय कुणी उघडत असेल असं वाटत नाही.

कधी कधी बेरी तोडताना वाटतं, आमचंही असंच होणार. रेवाच्या नातवंडांपैकी एखादं कधी मला शोधायला बसेल. माझ्या कागदांवर मधलं नाव नवऱ्याचं, लग्नाआधीच्या कागदांवर बापाचं. ते पोर त्या दोन बाया वेगळ्या समजेल, किंवा तिसरीच कुणीतरी उचलेल, तिच्या सवयी, तिचे गुन्हे मला चिकटवेल, आणि एखाद्या वाळूवर उभं राहून मला क्षमा करेल. त्याला तरी कोण सांगणार?

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. डोळे गेल्यातच जमा. छत्तीस वर्षांत एक फेरफार चुकला नाही, हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि त्यातच सांगतात की आयर्लंडातल्या एका बाईचं दीडशे वर्षांचं प्रकरण आपण निकालात काढलं. मी त्यांना सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत नाही, एप्रिलमध्ये नाही, त्यानंतरही नाही. पहिल्यांदा त्यांचा आवाज राखायला गप्प बसले होते. आता गप्प बसणं हीच सवय झाली आहे.

यंदाही तृतीयेला त्यांचा फोन आला होता. "टॉमसचं झालं वं," म्हणाले. आणि काल, सर्वपित्रीला, पुन्हा आला. मी कुंपणाशी उभी होते, हातात बेरींचा डबा. तिकडे भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"आईचं झालं. आजी-आजोबांचं झालं. नोराबाईचंही देल्लं पाणी," ते म्हणाले. "आता राहिलेल्यांले देतो. पाह्य बरं आठवून, कोणाचं राहिलं तं नाही ना?"

तिकडे ते थांबले होते, ओंजळ भरलेली असणार.

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुणाचं राहिलं नाही."